बेचाळीसाव्या सिनेमातली खुर्ची

दहब महजूब एक्केचाळीस सिनेमांत दिसला आणि एक्केचाळीस सिनेमांत तो उभा होता. दाराशी उभा, जिन्यापाशी उभा, पाशाच्या खुर्चीमागे उभा, बाईसाहेबांच्या पलंगाच्या पायथ्याशी तबक घेऊन उभा. एका सिनेमात त्याला गोळी लागली. आता तरी बिचारा आडवा होईल असं सगळ्यांना वाटलं. पण दिग्दर्शक म्हणाला, खाली पडलास तर तबकातले पेले फुटतील, पेले उसने आणलेत, तू आपला भिंतीला टेकून मर. दहब भिंतीला टेकून मेला. मरतानासुद्धा त्याचं तबक सरळ होतं.

पडद्यावरचं त्याचं नाव दर वेळी उस्मान. दुसरं महायुद्ध संपलं आणि कैरोत सिनेमांचं पेव फुटलं. दर सिनेमात एक बंगला, बंगल्यात एक पाशा, पाशाला एक रडकी मुलगी आणि या सगळ्यांना कॉफी द्यायला दक्षिणेकडच्या नूबियाहून आलेला एक काळा नोकर. बंगला तोच, जिना तोच, फक्त पडदे बदलायचे. उस्मानचे तर पडदेही बदलत नसत. पांढरा झगा, लाल कमरपट्टा, आणि बहुतेक वेळा वाक्य एकच, "हाजिर, पाशा!"

खरी गंमत कॅमेऱ्याच्या मागे होती. कॅमेरा चालवणारा हागोप अर्मेनियन, रंग फासणारा मिहाली ग्रीक, बंगला उभा करणारे सुतार इटालियन, गाण्यांना चाली लावणारा यहुदी, आणि पाशा व्हायचा तो वहीद शौकी बैरूतहून आलेला. ही मंडळी आपसात पाच भाषांत भांडायची आणि मिळून एक अस्सल इजिप्शियन घराणं तयार करायची. त्या सगळ्यांत सात पिढ्या नाईलचं पाणी प्यालेला एकटा दहब, आणि पडद्यावर परका कोण, तर तोच.

बरं, तो आहे तसाही त्यांना चालत नसे. मिहाली रोज दुपारी काळ्या रंगाचा डबा घेऊन पुढ्यात बसायचा.

"अरे बाबा, मी आहे की काळा!"

"आहेस रे. पण कॅमेऱ्याला पटायला नको?"

तोंडाचं तसंच जिभेचंही. दहब सकाळी आब्दीन मोहल्ल्यातल्या एका वकिलाकडे कारकून होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा अशी की न्यायाधीश अर्ज वाचून आधी भाषेची तारीफ करत आणि मग अर्ज फेटाळत. सिनेमावाल्यांच्या कागदांच्या सुबक प्रतीही तोच करून द्यायचा. पाशाच्या तोंडच्या वाक्यांतल्या चुका तो दुरुस्त करायचा आणि मग उस्मानच्या वाक्यांत इमानेइतबारे चुका घालायचा. कारण नूबियाचा माणूस म्हटला की त्यानं "पाशा गेली, बाईसाहेब आला" असंच बोललं पाहिजे, नाहीतर स्वस्तातल्या बाकांवरचे लोक हसणार कसे? एकदा त्यानं चुकून शुद्ध वाक्य म्हटलं. दिग्दर्शक ओरडला, "थांबा! उस्मान, तू नूबियाचा वाटत नाहीस!"

या धंद्यात तो पडला तोही असाच. एक निर्माता वकिलाकडे कज्जा घेऊन आला होता. दहब फायलींचा ढीग दोन्ही हातांवर तोलून आत आला. निर्मात्यानं डोळे बारीक केले, फायली काढून घेतल्या, तिथं चहाचं तबक ठेवलं आणि म्हणाला, "आता चाल." दहब चालला. झालं, पुढची बारा वर्षं तो चालतच राहिला.

सोडून का देत नव्हता? आवडत होतं म्हणून. उगाच कशाला खोटं बोला. दिवे लागले, गिरणीसारखा तो कॅमेरा घरघरायला लागला, की तो वकील, फायली, सगळं विसरायचा. तबक ठेवताना पाशाकडे किती बघायचं, बाईसाहेब रडत असतील तर दार कसं लावायचं, याचा तो घरी आरशासमोर सराव करायचा. पण पडद्यावर लोकांना फक्त तबक दिसायचं.

आणि एका व्यक्तीला तर तेही दिसत नव्हतं. दहबची बायको नबरा त्याच्या चुलत्याचीच मुलगी. लहानपणी नूबियातल्या तोमास गावात तिनं त्याच्या डोक्यात खजुराच्या बिया मारलेल्या. ती कसली त्याला अहोजाहो करणार! लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्याचा एकही सिनेमा तिनं पाहिला नव्हता.

"घरात तू पाण्याचा पेला उचलून घेत नाहीस," ती म्हणायची, "आणि तिथं तू त्या बैरूतवाल्याला कॉफी नेऊन देतोस, ती मी पैसे देऊन बघू?"

"अगं, ते काम आहे."

"असेल. त्यांच्याकडे खुर्च्या नाहीत का? एकाही सिनेमात कुणी तुला बस म्हणत नाही? आपल्याकडे वाटेनं जाणाऱ्या उंटवाल्यालासुद्धा बस म्हणतात."

"सिनेमात तशी पद्धत नाही."

"मग ज्या सिनेमात तू बसशील त्या दिवशी मला सांग. मी नवा झगा घालून येते."

हे ती हसत म्हणायची, पण म्हणायची ते खरंच. शेजारच्या बायका मुलांना घेऊन जायच्या, परत येऊन "तुझा नवरा काय गंमत करतो गं" म्हणून सांगायच्या, आणि नबरा डाळीतले खडे वेचत राहायची. दहबला ते लागायचं. सगळ्या कैरोनं आपल्याला पाहिलं, फक्त जिच्यासाठी आरशासमोर उभे राहतो तिनं नाही. त्याला एकदाच, पडद्यावर, माणसासारखं खुर्चीवर बसायचं होतं.

ती संधी 'पाशाचा पश्चात्ताप' या सिनेमानं आणली. गोष्ट अशी की युद्धात साखर दडवून गबर झालेला एक पाशा शेवटी धुळीला मिळतो. बंगला जातो, मित्र पळतात, आणि ज्या मुलीला त्यानं घराबाहेर काढलं तीच परत येते. शेवटच्या प्रसंगात दाराशी मोहल्ल्यातले सगळे नोकर पाशाचा निरोप घ्यायला जमतात, आणि त्यासाठी दिग्दर्शक तहसीन वजदींना हवे होते चाळीस नूबियन. खरेखुरे. कारण मागच्या सिनेमात त्यांनी कैरोतल्याच बुलाक मोहल्ल्याची पोरं रंगवून उभी केली होती, दिव्यांच्या उष्णतेनं रंग ओघळला आणि सगळी पोरं पट्ट्यापट्ट्यांची झाली. लोकांना वाटलं, पाशानं घरात झेब्रे पाळलेत.

"उस्मान," तहसीन म्हणाले, "तुझ्या गावाचं इथं मंडळ आहे ना? आण चाळीस माणसं."

दहबनं तबक खाली ठेवलं. "आणतो, उस्ताज. पण मला एक खुर्ची हवी."

"पाय दुखतात? अरे, बाहेर बाकडं आहे."

"बाहेर नको. आत. शेवटच्या प्रसंगात मी पाशाला कॉफी देतो. तेव्हा पाशा म्हणेल, 'उस्मान, आज तू बस माझ्याजवळ.' आणि मी बसेन."

तहसीननी चष्मा काढून पुसला. "नोकर पाशासमोर बसणार? थिएटरं जाळतील लोक."

"धुळीला मिळालेला पाशा आहे, उस्ताज. त्याला आता कोण जाळतंय?"

तहसीन विचारात पडले. म्हणणं बरोबर होतं, आणि चाळीस माणसं तर हवीच होती. मग खान-खलीलीच्या बाजारात गालिच्याचा सौदा व्हावा तसा सौदा सुरू झाला.

"किती वेळ बसणार?"

"दहा आकडे मोजेपर्यंत."

"दहा? दहात माझी नायिका दोनदा बेशुद्ध पडते! दोन."

"दोनमध्ये तर माझा झगाही खुर्चीला टेकणार नाही. आठ."

"तीन. आणि काठावर."

"सहा. काठावर."

"चार. काठावर, आणि पाठ टेकायची नाही."

"मंजूर," दहब म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्या स्टुडिओतून तो गाणं गुणगुणत बाहेर पडला.

घरी आल्या आल्या त्यानं एकुलती एक खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली आणि बसायचा सराव सुरू केला. नबरा दारात हात बांधून उभी.

"बसायलाही शिकावं लागतं का रे?"

"पडद्यावर बसणं वेगळं असतं. चारपर्यंत मोज."

"एक, दोन… ऊठ, पाशा आला!"

दहब खरंच ताडकन उठला. नबरा इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "खरंच बसणार तू?"

"खरंच."

"मग शिंप्याकडे जाऊन येते," ती म्हणाली.

तोमासकरांचं मंडळ आब्दीनमध्ये एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, भिंतीला लागून बाकं. नाईलवरच्या धरणाची भिंत दोनदा वाढवली, गावची शेतं आणि खजुराची झाडं पाण्याखाली गेली, तेव्हा निम्मं गाव कैरोत आलं आणि या दोन खोल्यांत मावून गेलं. मंडळाचे प्रमुख हाजी शलाली. वय ऐंशीही असेल, शंभरही असेल, विचारायची टाप कुणाची होती! एक गुडघा वातानं धरलेला, दुसरा हट्टानं. हाजी आत आले की सगळे उठायचे आणि ते बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. कुणी घालून दिलेला नियम नाही. तोमासच्या माणसाचे गुडघे वडीलधारा उभा असताना वाकतच नाहीत, त्याला कोण काय करणार! हाजींना बसायला बराच वेळ लागे, म्हणून मंडळाची प्रत्येक सभा उशिरा सुरू व्हायची.

दहबनं चाळीस माणसांचं सांगितलं तेव्हा कुरकुर झाली. निम्मे लोक खरोखरच बंगल्यांतून स्वयंपाकी आणि दारवान होते.

"आठवडाभर आम्ही लाल पट्टा बांधतो," एक स्वयंपाकी म्हणाला, "आणि सुट्टीच्या दिवशी परत बांधायचा? तेही फुकट रडायला?"

हाजींनी काठी आपटली. "त्यात तू काय करणार रे, पोरा?"

"पाशासमोर खुर्चीवर बसणार, हाजी. चार आकडे मोजेपर्यंत."

सगळी डोकी दहबकडे वळली.

"तबक?" हाजींनी विचारलं.

"तबक टेबलावर असेल."

"मग जाऊ या," हाजी म्हणाले.

"हाजी, तुम्ही कशाला त्रास घेता? चाळीस पुरे आहेत."

"आपल्यातलं कुणीतरी पाशाच्या घरात बसणार, आणि मी घरी झोपून राहू? माझ्या बापानं पन्नास वर्षं दारात उभं राहून काढली. मी बघणार."

आता यावर काय बोलणार! एक्केचाळीस जण निघाले.

तालीम झकास झाली. दहबनं तबक ठेवलं, पाशा झालेल्या वहीदनं कापऱ्या आवाजात "बस, उस्मान" म्हटलं, दहब काठावर बसला, चार मोजले, उठला. तहसीननी टाळी वाजवली. हाजी त्या वेळी आत नव्हतेच. दिव्यांचा उकाडा सोसेना म्हणून त्यांना बाहेर लिंबाच्या सावलीत बाकड्यावर बसवलं होतं, तिथं ते गाढ झोपले होते.

खरं चित्रण सुरू व्हायच्या आधी हागोप म्हणाला, "तहसीन, फिल्मचं हे शेवटचं रीळ. दुसरं जहाजातून येतंय, आणि जहाज कुठं आहे ते देवाला माहीत. एकदाच होईल."

"आणि उद्या हा बंगला पाडून इथं तुरुंग बांधायचाय," इटालियन सुतार म्हणाला.

"एकदाच करू!" तहसीन गरजले. "कुणी काही चुकलं तरी थांबायचं नाही. मी थांबा म्हणेपर्यंत जो तो आपलं काम करत राहील!" आणि त्यांनी जोरात शिट्टी फुंकली.

त्या शिट्टीनं बाहेर हाजी जागे झाले.

इकडे कॅमेरा घरघरू लागला. पाशा सोनेरी खुर्चीत खचून बसलेला, शेजारी तशीच दुसरी खुर्ची रिकामी. मुलगी झालेली इल्हाम साबरी त्याच्या पायाशी. तिची एक अडचण होती. तिला रडू येत नसे. कांदा, कापूर, सगळं करून झालं होतं. नाक लाल व्हायचं, डोळे कोरडे. म्हणून तहसीननी तिला नुसतं तोंड झाकायला सांगितलं होतं. दहब तबक घेऊन आला. दाराशी चाळीस माणसं माना खाली घालून उभी.

"उस्मान," वहीद म्हणाला, "आज तू बस. माझ्याजवळ बस."

दहबनं तबक टेबलावर ठेवलं, झगा सावरला, आणि त्याच्या अंगाचा अर्धा भार खुर्चीकडे निघाला. त्याच क्षणी दाराशी चाळीस माणसं दुभंगली आणि मधून काठी टेकत हाजी शलाली पुढे आले. सगळ्यांच्या पुढे येऊन ते उभे राहिले. आपला माणूस बसलेला नीट दिसावा म्हणून.

दहबनं त्यांना पाहिलं, आणि त्याचे गुडघे जागच्या जागी अडकले. खाली जाईनात. त्यानं जोर लावला. जाईनात. बारा वर्षं वाट पाहिलेली खुर्ची एक वीत खाली होती, समोर कॅमेरा होता, घरी नवा झगा शिंप्याकडून शिवून आला होता, आणि सबंध तोमासचा सर्वांत म्हातारा माणूस वातानं धरलेल्या गुडघ्यावर उभा होता. हे अभिनयात बसत नव्हतं. दहब अभिनय विसरला. तो सरळ झाला, चार पावलं चालत गेला, हाजींचा हात धरला आणि त्यांना आणून पाशाशेजारच्या सोनेरी खुर्चीत बसवलं.

बसायला हाजींना नेहमीसारखाच वेळ लागला. ते काठावर बसले नाहीत. त्यांनी चांगली ऐसपैस पाठ टेकली.

तहसीननी तोंड उघडलं, पण हागोपनं रिळाकडे बोट दाखवलं आणि ते मिटलं.

"अल्हम्दुलिल्लाह," हाजी म्हणाले. दिव्यांच्या झोतात त्यांना कॅमेरा दिसत नव्हता, की दिसला तरी त्याचं त्यांना काही नव्हतं, कोण जाणे. त्यांनी शेजारच्या पाशाकडे वळून पाहिलं. "बाळ, पाहुण्याला कॉफी विचारत नाहीत का या घरात?"

वहीद शौकी वीस वर्षं रंगभूमीवर काढलेला गडी. नाटकात एकदा त्याच्या अंगावर पडदा कोसळला होता आणि त्यानं पडद्याखालून वाक्यं पुरी केली होती. थांबा म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक. दहब तर हाजींच्या खुर्चीशी हात बांधून उभा. मग पाशा उठला. त्यानं स्वतः तबक उचललं, वाकला, आणि दोन्ही हातांनी हाजींपुढे धरलं.

हाजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. सिनेमातली कॉफी ती. आदल्या दिवशीचा गार चहा होता.

"हे काय पाजतोस, बाळ? यात साखर नाही, वेलदोडा नाही, कॉफीसुद्धा नाही."

वहीदनं मान खाली घातली. मग खोल आवाजात तो म्हणाला, "माफ करा, बाबा. आज घरात एवढंच उरलंय."

पायाशी बसलेल्या इल्हामला हसू आवरेना. तिनं ओंजळीत तोंड दडवलं, खांदे गदागदा हलू लागले, आणि दाबून धरलेल्या हसण्यानं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सात सिनेमांत पहिल्यांदा.

हाजींनी पाशाच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे," ते म्हणाले, "देव देईल." आणि तो चहा त्यांनी पिऊन टाकला.

रीळ संपलं.

पुढं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. तहसीन वजदी तुर्की आजीकडून शिकलेल्या शिव्या अर्धा तास देत होते. निर्माता आला, तोही देऊन गेला. "खुर्ची मागितलीस, खुर्ची दिली, आणि तू ती वाटून टाकलीस?" तहसीन किंचाळले. दहब काय सांगणार? गुडघे वाकले नाहीत, हे कारण कुठल्याही स्टुडिओत चालत नाही. पण जहाज आलं नाही, बंगला पाडला गेला, आणि इल्हाम साबरीचे खरे अश्रू फक्त त्याच रिळात होते. झक मारत तो प्रसंग तसाच ठेवावा लागला.

दहब घरी आला. नबरा नव्या काळ्या झग्याला काठ लावत बसली होती.

"बसलास?"

"नाही."

सुई थांबली. "का?"

"हाजी उभे होते."

नबरानं झगा घडी करून पेटीत ठेवला. दहबला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रात्री त्याला भारी वाईट वाटलं. हाजींचाही राग आला, आणि हाजींचा राग आला म्हणून स्वतःचाही.

सिनेमा लागला तेव्हा जाऊ नये असंच दोघांनी न बोलता ठरवलं होतं. पण हाजींनी निरोप धाडला: शुक्रवारी नमाजानंतर सगळं मंडळ जाणार, बायकांसह. हाजींना नाही म्हणायची सोय नव्हती. नबरानं पेटी उघडली. जुनाच झगा घालून ती आली आणि वर बायकांच्या सज्जात जाऊन बसली.

खाली स्वस्तातल्या बाकांवर बोंबाबोंब चाललेली. उस्मान पडद्यावर आला, "पाशा गेली" म्हणाला, आणि लोक नेहमीप्रमाणे खदखदले. दहबनं मान खाली घातली. वर नबरा हे ऐकत असेल, या विचारानं त्याच्या कानशिलांवरून घाम निथळला.

मग शेवटचा प्रसंग आला. पाशानं बस म्हटलं. उस्मान वाकला, आणि बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, बसतोय बघ!" हशा पिकला. पडद्यावर दहब सरळ झाला. तो चालत गेला, आणि ती चाल उस्मानची नव्हती. एका थकल्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला तो हळूहळू आणत होता. हशा तुटत तुटत बंद झाला. पाशा तबक घेऊन वाकला तेव्हा थिएटरात शेंगदाण्याचं टरफलही वाजत नव्हतं. "आज घरात एवढंच उरलंय," पाशा म्हणाला, आणि पुढच्या बाकावर एक आडदांड खाटीक हमसून हमसून रडायला लागला.

"खरंच साखर नव्हती त्यात!" अंधारातून हाजी शलाली मोठ्यानं म्हणाले. "थेंबभर नाही!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलंय.

बाहेर आल्यावर लोकांनी हाजींना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. वहीद शौकीच्या वाक्याची तारीफ, इल्हामच्या अश्रूंची तारीफ. दहबकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो भिंतीशी उभा राहून नबराची वाट बघत होता. ती बायकांच्या घोळक्यातून उतरली आणि दोघं आब्दीनच्या दिशेनं चालायला लागली. तिचा झगा मागं धुळीत लोळत होता. रसाच्या दुकानापाशी तिनं तो सावरला.

"तू हाजींचा हात डाव्या हातानं धरलास," मग ती म्हणाली. "वळण म्हणून काही आहे की नाही तुला?"

"उजवा झग्यात अडकला होता."

"हं."

आणखी थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "उद्या पण आहे का हा सिनेमा?"

"आहे. महिनाभर आहे." दहब म्हणाला. "पण नबरा, मी त्यात बसत नाही. तू बघितलंस ना."

"ते बघितलं," नबरा म्हणाली. तिनं झग्याच्या बाहीनं नाक पुसलं आणि त्याच्याकडे न बघता चालत राहिली. "तू उभा कसा होतास, ते मला परत बघायचंय."